घर आणि शाळा : फळ्यावरचा संगणक

मैत्रिणींनो, संगणक नसताना संगणक शिकवायचा कसा? पीठ नसताना पोळ्या लाटायला शिकवण्यासारखंच की हे! पण आफ्रिकेतल्या घाना देशात एका मास्तरांनी तेही करून दाखवलं. रिचर्ड अपिया अकोटो हे त्यांचं नाव. त्यांच्या खेड्यातल्या शाळेत २०११ सालापासून एकही संगणक नव्हता. सरकारी परीक्षेत मात्र त्या विषयाची प्रश्नपत्रिका ठरलेली! मग मास्तरांनी रंगीत खडू घेतले आणि संगणकाचा पडदा बारीकसारीक खुणांसकट फळ्यावर काढला. २०१८ च्या फेब्रुवारीत त्या फळ्याची छायाचित्रं जगभर फिरली आणि त्यानंतर शाळेला संगणक भेट मिळाले.

दुसरे मास्तर केनयाचे, पीटर ताबिची. शाळेत संगणक एकच, इंटरनेट रखडत चालणारं. ते इंटरनेट कॅफेत जात, हवे ते धडे उतरवून घेत आणि मग वर्गात इंटरनेटशिवाय दाखवत. २०१९ साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी, २०२० साली, हा पुरस्कार आपल्या सोलापूर जिल्ह्यात आला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. तो काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन हो! फोन त्यावर धरला की कविता ऐकू येते, धडा चित्रांतून दिसतो. २०१७ साली राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांसाठी ही कल्पना उचलली. बक्षिसाची निम्मी रक्कम डिसले गुरुजींनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या तिघांत सारखं काय, सांगू? आपल्या वर्गातल्या मुलांकडे काय आहे आणि काय नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यावरून त्यांनी वाट काढली. यंत्रं विकत घेता येतात, पण ती मुलाच्या उपयोगी पडतील अशी करणारा माणूस शाळेतच लागतो. नाहीतर नवी यंत्रं कपाटात कुलूपबंद राहतात.

आता तुम्ही म्हणाल, “यात आम्ही घरी बसून काय करायचं?” तर ऐका. गुरुजींनी किंवा बाईंनी धडा फोनपर्यंत आणून पोचवला, तरी तो फोन कोणाच्या हातात द्यायचा हे घरातच ठरतं ना? ग्रामीण भागातल्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीचा आकडा बघा. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली २७ टक्के. शिक्षकांनी कष्टाने उघडलेलं दार आपणच लेकीपुरतं लोटून घेत असू, तर दोष कोणाला द्यायचा?

म्हणून चार गोष्टी घरात करून पाहा.

घरात एकच फोन असेल तर त्याची वेळ बांधून घ्या. दिवेलागणीनंतर अर्धा तास मुलीचा, अर्धा तास मुलाचा. ही वेळ घरातल्या मोठ्यांनीही पाळायची, हं! “आधी दादाचं होऊ दे, मग तुझं” हे वाक्य बंद.

इंटरनेट कमी असेल तर ‘दीक्षा’ ॲपवर धडे एकदा उतरवून ठेवा. मग ते इंटरनेटशिवायही पाहता येतात. ताबिची मास्तरांचीच ही युक्ती!

“फोन दिला की पोरगी बिघडेल” ही धास्ती पुष्कळ घरांत असते. तर फोन तिच्या हाती द्या, पण बसवा स्वयंपाकघरात आपल्याजवळ. भाजी निवडता निवडता तुम्हीही धडा ऐका. न समजलं तर तिलाच विचारा. आईला समजावून सांगताना तिचा अभ्यास पक्का होतो.

आणि शेवटचं, पण महत्त्वाचं. पालकसभेला नुसत्या सही करून परत येऊ नका. कोड उघडत नसेल, फोन रात्री आठनंतरच घरी येत असेल, तर ते बाईंना स्पष्ट सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या घरातली अडचण कळली, तरच त्या गृहपाठ तसा देतील, एखादा धडा फळ्यावर शिकवतील किंवा दोन मैत्रिणींना एका फोनवर अभ्यासाला बसवतील. मनातल्या मनात कुढत बसलात, तर त्यांना तरी कसं कळावं?