गिऱ्हाईक प्रोसेसर मागतंय? आधी त्याचा कॉम्प्युटर तपासा



कॉम्प्युटर असेंब्लीचं दुकान टाकायच्या तयारीत असलेल्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "दादा, गेम अडकतोय, प्रोसेसर बदलायचाय, भारीतला सांगा." तुम्ही काय विकाल? बहुतेक जण लगेच नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, डीडीआर५ रॅम असा अख्खा सेट सांगतात. बिल मोठं म्हणजे धंदा मोठा, असा त्यामागचा हिशेब. मला तो पटत नाही. गिऱ्हाइकाची तक्रार ज्यात मिटते तो सगळ्यात लहान बदल विकावा आणि तो शोधून दिल्याचे पैसे उघडपणे लावावेत, असं माझं मत आहे.

गेम अडकतोय म्हणजे प्रोसेसरच कमी पडतोय असं नसतं. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, तो पोरगा जो गेम खेळतो तोच लावा. व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट आधी बंद करा, नाहीतर चाचणी फसवी निघते. आता ग्राफिक्स कार्डचा वापर बघा. तो ९७-९८ टक्क्यांवर टिकून असेल तर कार्डच दमलंय. प्रोसेसर बदलून फारसा फरक पडणार नाही. कार्ड ६० टक्क्यांच्या आसपास रेंगाळतंय आणि फ्रेम खाली-वर होतायत, तर रिझोल्यूशन कमी करून बघा. तरी फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरच्या बाजूने अडतंय. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांकडे असं बरेचदा दिसतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतोय म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. एक-दोन कोअर पूर्ण भरलेले असले तरी सरासरी आकडा कमीच येतो.

एवढं झालं तरी थांबा. रॅमची एकच पट्टी लावलीय का? बायोसमध्ये एक्सएमपी बंद आहे का? मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे का? (असेल, तर सेकंदाला ६० च्या वरच्या फ्रेम तो दाखवूच शकत नाही. हे गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी कळायला हवं, नंतर नाही.)

आता खरंच प्रोसेसर बदलायचा झाला तर. २०१८-१९ मध्ये जोडलेलं एक मशीन धरा: रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४. एएमडीने २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत एकच एएम४ सॉकेट चालवलं. त्यामुळे इथे रायझन ५ ५६०० तसाच बसतो. ६ कोअर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश, ६५ वॅट, बॉक्समध्ये कूलरही येतो. बोर्ड तोच, रॅम तीच. एएम५ वर गेलात तर बोर्ड आणि रॅम दोन्ही नवं लागतं, आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे चढले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. एक सावधगिरी: ५६०० आणि ५६००जी एकच समजून विकू नका. जी मध्ये कॅश निम्मी, १६ एमबी आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्याला तो देण्यात काही अर्थ नाही.

इंटेलकडे इतकी सोय नाही. आय५ १०४०० वाल्याला त्या सॉकेटवर ११ व्या पिढीच्या पुढे जाता येत नाही. त्याला मी सरळ सांगतो, थोडे पैसे साठव आणि बोर्डासकट बदल. १२ व्या पिढीचा आय३ असेल तर सॉकेट १४ व्या पिढीपर्यंत तेच आहे, फक्त बोर्डाला तेवढी वीज पेलते का ते बघा.

काम करताना क्रम चुकवू नका. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचा. नवा बसवून मग बघू म्हणालात तर स्क्रीन काळीच राहण्याची शक्यता जास्त. कंपनीच्या साइटवर बोर्डाचं रिव्हिजन बघून सपोर्ट लिस्ट तपासा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या. प्रोसेसर बदलला की बोर्ड एफटीपीएमबद्दल विचारतो. ती की नसेल तर गिऱ्हाइकाचा डेटा अडकला म्हणून समजा.

इथे मुलं विचारतात, "सर, मग गल्ल्यात काय येणार?" प्रश्न रास्त आहे. अख्ख्या सेटवर रुपयांत जास्त सुटतं, हे मी नाकारत नाही. पण प्रोसेसरचा ऑनलाइन भाव गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर असतो, त्यामुळे वस्तूवर उरतं थोडं. चाचणी, बायोस, पेस्ट, साफसफाई, विंडोज यांचा भाव मात्र तुम्ही ठरवता. म्हणून बिलात या सगळ्याची वेगळी ओळ लावा. 'फ्री सर्व्हिस' म्हणून वाटू नका; फुकट दिलेल्या कामाची गिऱ्हाइकाला किंमतही राहत नाही. जुना २६०० परत घेतलात तर तो एखाद्या कमी बजेटच्या मशीनला लागतो. शिवाय नव्या दुकानदाराचं भांडवल बोर्ड आणि रॅमच्या साठ्यात अडकत नाही.

गेमिंग झोन काढायचाय असं म्हणणाऱ्यांनी तर हे वहीत लिहूनच ठेवा. दहा जुनी मशीनं घेतलीत आणि एका मशीनमागे बोर्ड-रॅमचा नको असलेला खर्च केलात, तर तो दहापट होतो आणि मुद्रा कर्जाच्या हप्त्यात दर महिन्याला दिसतो. तासाचे पैसे देणाऱ्या पोराला बोर्ड कुठला आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला गेम अडकायला नको, एसी चालू हवा, आणि माउस धड हवा. दहाही मशीनं एकदम उघडू नका. एकाचा प्रोसेसर बदला, आठ दिवस गर्दीच्या वेळेला चालवा, फ्रेम लिहून ठेवा, आणि मग उरलेल्या नऊची ऑर्डर द्या.