विश्लेषण : एकच बिअर की दहा? पुण्यातल्या वादात देवणीच्या ज्वारीचे काय?

पाचशे लिटर बिअर करायला साधारण शंभर किलो धान्य लागते. त्यात एक तृतीयांश ज्वारी घातली तर तेहतीस किलो. पन्नास किलोचे पोतेही भरत नाही.

हा हिशेब सांगण्याचे कारण असे की, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारी, बाजरी, नाचणीच्या बिअरविषयी शहरांत बरेच बोलले जाते. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीने फलकावर ‘ज्वारी’ लिहिले की लातूर, नांदेडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरतो आणि खाली कोणीतरी लिहितोच, ‘आता ज्वारीला भाव येणार!’ तो येईल की नाही, हे ज्वारीवर फारसे अवलंबून नाही. ती बिअर करणारा माणूस एकाच प्रकारावर भर देतो की दहा प्रकार ठेवतो, यावर ते ठरते. देवणीत उद्या मायक्रोब्रुअरी निघणार नाही. ते ग्राहकही शहरात आणि तो खर्चही शहराचा. पण तिकडच्या वादाचे टोक इकडच्या शेतापर्यंत येते.

वाद नेमका काय?

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणजे पुण्यातली ‘डूलाली’. ती २००९ मध्ये सुरू झाली. तोवर बहुतेकांसाठी बिअर म्हणजे पिवळी, थंडगार लागर आणि तिचे दोनच प्रकार, माइल्ड आणि स्ट्राँग. नव्या ठिकाणी गव्हाची बिअर, काळी स्टाउट, कडवट आयपीए, सफरचंदाची सायडर अशी यादीच मिळू लागली. त्यानंतर आलेल्या बहुतेकांनी तोच कित्ता गिरवला. आठ-दहा टॅप, दर महिन्याला एखादी नवी चव.

दुसऱ्या बाजूला जुनी युरोपीय उदाहरणे आहेत. चेक प्रजासत्ताकातील पिल्झन शहरात १८४२ मध्ये जी सोनेरी लागर जन्माला आली, तिच्यावरच तिथला कारखाना आजही ओळखला जातो. बव्हेरियातील श्नायडर घराणे १८७२ पासून गव्हाच्या बिअरमागे लागले, ते अजून त्यातच आहे. या मंडळींना ‘आज नवीन काय?’ असे कोणी विचारत नाही.

टाकीचा हिशेब

लहान उत्पादकाचे खरे भांडवल म्हणजे त्याच्या टाक्या. गव्हाची किंवा एल प्रकारची बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागरला थंडीत मुरायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. म्हणजे एका लागरच्या वेळात त्याच टाकीतून एलच्या दोन खेपा निघतात. टाक्या पाच आणि प्रकार दहा असले की कोणती टाकी कोणासाठी अडवायची, याची रोज कसरत. प्रकार बदलला की यीस्ट बदलते. ते जपायचे, एकमेकांत मिसळू द्यायचे नाही, टाकी आणि नळ्या पुन्हा धुवायच्या.

धुण्याकडे मराठवाड्याने जरा थांबून पाहायला हवे. एक लिटर बिअरमागे मोठ्या आधुनिक कारखान्यातही तीन-चार लिटर पाणी जाते. लहान ठिकाणी त्याहून बरेच जास्त, आणि त्यातले पुष्कळसे साफसफाईत. वारंवार प्रकार बदलणे म्हणजे वारंवार धुणे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ५० टक्के आणि मे महिन्यात ६० टक्के कपातीचा आदेश दिला होता. लातूरकरांना चवींच्या यादीचा हा खर्च वेगळा समजावून सांगायला नको.

तिसरा खर्च ताजेपणाचा. हॉप्सच्या वासावर उभी असलेली बिअर काही आठवड्यांतच फिकी पडते. दहापैकी तीन प्रकार जोरात खपतात, चार कसेबसे, उरलेले नुसते असतात. त्यातला एखादा शिळा ग्लास पहिल्यांदा आलेल्या माणसासमोर गेला, की तो उरलेल्या नऊ चवी तपासायला परत येत नाही.

बाटलीत शिरले की नियम बदलतात

मायक्रोब्रुअरीची बिअर बहुतेक जागेवरच विकली जाते, म्हणून तिथे नवी चव आणणे तुलनेने सोपे. फळ्यावर खडूने नाव लिहिले की झाले. बाटली किंवा कॅन बाजारात न्यायचा तर दारू हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी, वेगळे शुल्क, वेगळे नूतनीकरण. दहा चवी आणि पाच राज्ये म्हणजे पन्नास फायली.

ही यंत्रणा किती चिवट आहे, हे ‘बिरा ९१’च्या बाबतीत दिसले. २०१५ मध्ये ‘व्हाइट’ आणि ‘ब्लाँड’ अशा दोनच बिअर घेऊन आलेला हा ब्रँड पुढे लाइट, स्ट्राँग, आयपीए असा पसरत गेला. नंतर कंपनीच्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द गेला, तर राज्याराज्यांत लेबले पुन्हा नोंदवावी लागली आणि विक्री काही महिने अडकली. २०२३-२४ मध्ये कंपनीचा तोटा ७०० कोटींच्या वर गेला. त्याला कारणे अनेक असतील, सगळा दोष लेबलवर ढकलता येणार नाही. पण जितकी लेबले जास्त, तितके अडकण्याचे दरवाजे जास्त, एवढे यातून नक्की कळते.

मग विविधतेच्या बाजूने काहीच नाही?

आहे, आणि ते हलके नाही. चौघे मित्र एका टेबलावर बसतात तेव्हा चौघांची जीभ सारखी नसते. कडू न आवडणाऱ्यासाठी काही ठेवले नाही, तर चौघेही शेजारच्या हॉटेलात जातात. शिवाय नवीन करून पाहिल्याशिवाय आपली खास चीज कोणती, हे उत्पादकाला तरी कसे कळणार? पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ने खारवलेल्या कोकमाची बिअर केली. ती युरोपच्या कुठल्या पुस्तकात शोधून सापडली नसती. ती करून पाहण्यातूनच आली.

आणि एकाच चवीवर आयुष्य काढणारा तरतोच असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोची १८९६ पासूनची अँकर ब्रुइंग कंपनी ‘स्टीम बिअर’साठी जगभर माहीत होती. २०२३ मध्ये मालकांनी ती बंद करायचे जाहीर केले.

तरीही लहान उत्पादकाने आधी एक ओळख पक्की करावी आणि मग तिच्या आत हवे तितके खेळावे, हेच अधिक पटण्यासारखे आहे. याचे चांगले उदाहरण बिअरमधले नाही, शेजारच्या घरातले आहे. पुण्याची ‘मूनशाईन मीडरी’ मध आंबवून केलेले ‘मीड’ बनवते. कॉफीचे, सफरचंदाचे, पेरू-मिरचीचे असे त्यांचे प्रकार बरेच, पण प्रत्येक बाटलीत मध असतोच. चवी बदलत्या, कच्चा माल पक्का. त्यामुळे मधपेटीवाल्याला ठाऊक असते की पुढच्या वर्षीही हा गिऱ्हाईक मधच मागणार.

ज्वारीची जागा ‘आजचे विशेष’मध्ये की पहिल्या ओळीत?

हाच प्रश्न ज्वारीला लावून पाहावा. ज्वारीची बिअर करणे तितके सरळ नाही. बार्ली म्हणजे सातूला टरफल असते, ते गाळताना चाळणीचे काम करते. ज्वारीला ते नसते. तिचा स्टार्चही बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, म्हणून ती आधी कण्यांसारखी वेगळी शिजवावी लागते. दहा प्रकार सांभाळणारा माणूस ही उस्तवार वर्षातून एकदा करील, फोटो काढील आणि पुन्हा गव्हाकडे वळेल. ज्याला ज्वारीचीच करायची आहे, तोच तिच्यासाठी वेगळे पातेले घेईल आणि कोणते वाण बरे, हे विचारत शेतापर्यंत येईल.

मोठ्या प्रमाणावर हे झालेले आहे. नायजेरियाने १९८८ पासून बार्ली आणि तिच्या माल्टची आयात बंद केली. तिथल्या कारखान्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावेच लागले. गिनेससारखी काळी बिअरही तिथे ज्वारीवर होऊ लागली. पुढे बंदी उठली, ज्वारी मात्र राहिली. कारण तोवर यंत्रे, कामगार आणि पुरवठादार सगळे तिला सरावले होते.

इथला हिशेब मात्र जमिनीवर राहून करावा. समजा एक ब्रुअरी महिन्याला २० हजार लिटर बिअर करते आणि निम्मे धान्य ज्वारीचे वापरते. महिन्याला दोन टन, वर्षाला २४० क्विंटल. एकरी पाच क्विंटल धरले तर जेमतेम पन्नास एकर. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतलेल्या जिल्ह्यात पन्नास एकर म्हणजे एका गावाचे एक शिवारही नाही. बिअर ज्वारीला वाचवील, असे म्हणणारा एक तर विकायला बसला आहे किंवा त्याने गुणाकार केलेला नाही. पण दहा-पंधरा घरांना बांधलेला गिऱ्हाईक मिळणे आणि एकदा तेहतीस किलो नेऊन फोटो टाकणे, यात फरक आहेच.

यावर देवणीतला माणूस एक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. या गावाचे नाव देशभर झाले ते देवणी गाईमुळे. ती गाय तर दुधालाही चालते आणि तिचा गोऱ्हा औतालाही. शेजारच्या नांदेडची लाल कंधारी मुख्यतः औताची. ट्रॅक्टर आल्यावर फटका तिला जास्त बसला. मग एकाच कामाला वाहून घेणे शहाणपणाचे कसे? पण देवणीची कामे दोन आहेत, दहा नाहीत, आणि दोन्ही एकाच घराच्या गरजेतून आलेली. वानेरा, शेवरा, बालंक्या असे रंगाचे प्रकार आहेत, तरी अंगावरून कोणीही ओळखतो की ही देवणी. मूनशाईनच्या मधाचेही तसेच.

तेव्हा पुण्याहून कोणी ज्वारी शोधत आलाच, तर त्याला भाव विचारण्याआधी विचारावे, तुमच्या यादीत ज्वारीची बिअर बारा महिने असते की एकच महिना? किती क्विंटल, कोणते वाण, आणि ते पेरणीच्या आधी लिहून देणार का? रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते. तोवर फळ्यावरचे खडूचे नाव चार वेळा पुसले गेलेले असू शकते.