'ओळखलंत का मला?' ही परीक्षा थांबवा

स्मृतिभ्रंश झालेली आई किंवा वडील घरात असले की येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा खुर्ची पुढे ओढून एकच प्रश्न विचारतो : 'काकू, ओळखलंत का? सांगा बघू, मी कोण?' त्यामागे माया असते. पण उत्तर आले नाही की पाहुणा सुनेकडे बघून मान हलवतो आणि काकू पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहतात. नाव आठवले नाही तरी आपले काहीतरी चुकले, एवढे त्यांना नेमके कळते.

प्रश्न विचारण्याची जागा दवाखाना. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टला डॉ. अलोइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या ५१ वर्षांच्या महिलेला असेच प्रश्न विचारले होते. पतीचे नाव विचारल्यावर तिने स्वतःचेच नाव सांगितले. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीत त्यांना प्रथिनांचे साठे आणि पेशींमधली गुंतवळ दिसली. त्या प्रश्नांतून निदानाची वाट निघाली. दिवाणखान्यातल्या प्रश्नांतून काय निघते?

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो, भावना मात्र मागे राहते. २०१४ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात रुग्ण त्यांतले बहुतेक सारे विसरले, पण मनातली उदासी किंवा आनंद त्यानंतरही टिकून होता. म्हणजे सकाळचा पाहुणा विसरला जातो, त्याने दिलेली खंत दुपारच्या जेवणापर्यंत पुरू शकते. 'तिला कुठे काय कळतंय!' हे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे.

'आई, मी सुनील, नाशिकहून आलोय,' असे आधीच सांगून टाकले तर काय बिघडते? वडील जाऊन दहा वर्षे झाली आणि आई रोज विचारते, 'हे अजून कसे आले नाहीत?' दर वेळी खरे सांगणे म्हणजे तिला दर वेळी नव्याने विधवा करणे. त्याऐवजी 'बाबांची आठवण येते का गं? त्यांना काय काय आवडायचं?' असे विचारता येते. सत्यवादी मंडळींना ही पळवाट वाटेल. वाटू द्यावी.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत घरापासून दूर जातात. तिथे माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नसते, त्यामुळे ती गेल्याचे दुःखही नसते. मुलांना ते दुःख असते, म्हणून तर ती पुन्हा पुन्हा परीक्षा घेतात. आई गेल्यावर तिच्या सत्तर वर्षांआधी शेवटची सहा वर्षेच डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांतही 'अगं, आत्ताच तर सांगितलं ना!' हा स्वतःचाच आवाज.

मग चष्मा कुठे ठेवला हे आठवले नाही तरी छातीत धस्स होते : आपल्यालाही? भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आई किंवा वडिलांना हा आजार असल्यास धोका वाढतो, पण एकाच जनुकातून थेट येणारा प्रकार फार विरळा. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येण्याजोग्या १४ कारणांशी निगडित आहे. मध्यमवयातला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा ही त्यांतली काही. कमी ऐकू येणे हेही एक मोठे कारण. विसरभोळेपणा 'वयामुळेच' असे परस्पर ठरवण्याआधी बी-१२ आणि थायरॉईडही तपासावे, कारण त्यांच्या कमतरतेवर उपचार आहेत.

चाळिशीत चष्मा लावताना कुणी लाजत नाही. श्रवणयंत्र मात्र 'म्हातारं झाल्यासारखं वाटतं' म्हणून कपाटात पडते. साठीच्या बाबांना टीव्हीचा आवाज दर महिन्याला थोडा वाढवावा लागत असेल, तर कानाची तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी.