आधी ग्रंथालय, मग बाग

मुलांकडे कॅलिफोर्नियाला गेलेल्या मराठी आई-वडिलांना लॉस एंजेलिसजवळ सॅन मारिनो येथे असलेली हंटिंग्टन इस्टेट दाखवायला नेले, तर दिवस बहुधा बागेतच सरतो. आवार २०७ एकरांचे. त्यात निवडुंगांची बाग आहे, १९१२ची जपानी बाग आहे, २००८ मध्ये खुली झालेली चिनी बाग आहे. पुढे जुन्या हवेलीतली चित्रे, आणि पायांत त्राण उरलेच तर ग्रंथालय. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. रेल्वे आणि जमिनींच्या व्यवहारांत अफाट पैसा मिळवलेल्या हेन्री हंटिंग्टन यांनी आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅराबेला यांनी १९१९ मध्ये ही मालमत्ता विश्वस्तांच्या हवाली केली आणि हेन्री यांच्या निधनानंतर, १९२८ मध्ये, ती लोकांसाठी खुली झाली. बाग आणि चित्रे अनेक धनिकांनी जमवली. इथले घर खऱ्या अर्थाने लोकांचे झाले ते पुस्तकांमुळे.

हंटिंग्टन नुसती सुटी पुस्तके घेत बसले नाहीत, ते अख्खे संग्रहही विकत घेत. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर घराण्याचे ग्रंथालय त्यांनी घेतले आणि त्याबरोबर इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’चे एल्समीअर हस्तलिखित कॅलिफोर्नियात आले. गटेनबर्गच्या बायबलची चर्मपत्रावर छापलेली प्रत त्यांनी १९११ च्या लिलावातच मिळवली होती. आज या संग्रहात एक कोटीहून अधिक वस्तू आहेत. पण नुसता साठा म्हणजे ग्रंथालय नव्हे. तो वापरायला कोणाला मिळतो, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे सर्वांत लखलखीत उत्तर या संस्थेने १९९१ मध्ये दिले. मृत समुद्राकाठच्या गुहांत १९४७ पासून सापडत गेलेल्या प्राचीन गुंडाळ्यांचे संपादन मोजक्या अभ्यासकांच्या हाती होते. दशके उलटली तरी बराच भाग अप्रकाशित होता आणि बाहेरच्या अभ्यासकाला मूळ मजकूर पाहताही येत नव्हता. त्या गुंडाळ्यांच्या छायाचित्रांचा एक संच जपण्यासाठी म्हणून हंटिंग्टनच्या तिजोरीत आला होता. ग्रंथालयाचे संचालक विल्यम मॉफेट यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये जाहीर केले, की तो कोणाही अभ्यासकाला खुला राहील. इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने आक्षेप घेतला, पण काही आठवड्यांतच त्यालाही बंधने सैल करावी लागली. जगातल्या एका फार मोठ्या शोधाभोवतीची मक्तेदारी अशी एका ग्रंथालयाच्या निर्णयाने तुटली. हे ठाऊक झाल्यावर त्या इमारतीकडे ‘वेळ उरला तर’ म्हणून कोण पाहील?

यावर कोणी म्हणेल, की काचेआडचे पुस्तक आम्ही वाचणार कसे? इंग्रजी जुनी, अक्षर अनोळखी, आणि वाचनकक्षात रीतसर अर्ज केल्याशिवाय प्रवेश नाही. अडचण खरी आहे, पण तिचे वजन वाटते तेवढे नाही. एल्समीअर हस्तलिखितातल्या, गोष्टी सांगणाऱ्या यात्रेकरूंची २३ चित्रे पाहायला चॉसरची भाषा यावी लागत नाही. त्या पानांची छायाचित्रेही पुरेशी बोलकी आहेत. शिवाय सहाशे वर्षांपूर्वीचे पान जपायचे, तर ते रोज शेकडो हातांत देता येत नाही. अर्जाची अट त्या पानाच्या रक्षणासाठी आहे आणि ती मला मान्य आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हा पैसा आला कुठून? हंटिंग्टन यांच्या पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीचे रूळ टाकणारे मेक्सिकन मजूर १९०३ मध्ये वाढीव मजुरीसाठी संपावर गेले आणि तो संप मोडला गेला. बागेतल्या फुलांकडे पाहताना हे विसरावे, असे मी म्हणणार नाही. १७७०च्या सुमारास चित्रकार गेन्सबरोने रंगवलेले ‘ब्लू बॉय’ हे चित्र हंटिंग्टन यांनी विकत घेतल्यावर १९२२ मध्ये इंग्लंड सोडून गेले, तेव्हा त्याला निरोप द्यायला लंडनच्या नॅशनल गॅलरीत गर्दी लोटली होती. पैशाच्या जोरावर दुसऱ्यांचा ठेवा उचलला, हे दुःख तेव्हाच्या इंग्रजांनीही बोलून दाखवले. मात्र एक फरक मला निर्णायक वाटतो. चित्र आपल्या मालकाची कमाई कशी झाली ते सांगत नाही, बागही सांगत नाही. हंटिंग्टन यांचे व्यावसायिक कागद मात्र त्यांच्याच ग्रंथालयात आहेत आणि त्यांचे व्यवहार तपासणारे इतिहासकार तेच कागद उघडून बसतात. देणाऱ्याविरुद्धची साक्षही जिथे सांभाळली जाते, त्या दानाला मी मोठे म्हणतो.

बागेचा आनंद याने कमी होत नाही. विल्यम हर्ट्रिच या माळ्याने १९०७ च्या सुमारास लावायला घेतलेल्या निवडुंगांच्या ताटव्यात झाडांजवळ नावांच्या पाट्या आहेत. हस्तलिखिते पाहून आलेला माणूस त्या पाट्या वाचत पुढे सरकतो.