रिकामे पिंप रिकामे नसते



हंगाम आटोपला की घरोघरी जुन्या पत्र्याच्या पिंपांना मागणी येते. कोणाला पाणी साठवायला हवे, कोणाला धान नि तूर ठेवायला, तर कोणाला मधोमध कापून बैलांपुढे गव्हाण मांडायला. भंगारात २०० लिटरचे पिंप स्वस्तात मिळते. त्यात आधी काय होते, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. आमचे आजचे म्हणणे त्याबद्दल आहे.

कारखानदारीत पिंपांतून फिरणाऱ्या द्रवांपैकी एक म्हणजे इथिलीन डायक्लोराइड. नाव परके वाटेल, पण नाते जवळचे आहे. उसाची मळी, मळीचे अल्कोहोल, त्यापासून इथिलीन आणि इथिलीनला क्लोरीन जोडून हा द्रव, हा मार्ग आपल्या देशात वापरला गेलेला आहे. याच द्रवापासून पुढे पीव्हीसी होते, म्हणजे बांधीला पाणी नेणारा पाइप. जुन्या मंडळींना ‘ईडीसीटी’ आठवत असेल. तीन भाग इथिलीन डायक्लोराइड आणि एक भाग कार्बन टेट्राक्लोराइड, हे मिश्रण धान्याच्या कोठीतील किडीवर वापरीत. टेट्राक्लोराइड घालायचे कारणच हे, की एकटे डायक्लोराइड भडकते. टेट्राक्लोराइड ओझोनच्या थराला घातक ठरले आणि कच्चा माल म्हणून होणारा वापर वगळता भारतात १ जानेवारी २०१० पासून ते बंद झाले. कोणाच्या माळ्यावर जुना डबा निघालाच, तर तो वापरू नये, उघडू नये आणि नाल्यात तर मुळीच ओतू नये.

आता या द्रवाचे गुण पाहू. तो पाण्यासारखा निर्मळ दिसतो, वास गोडसर. सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच त्याची वाफ ठिणगीने पेटते. आपल्याकडे पौषातली दुपारही याहून गरम असते, मग वैशाखाचे काय बोलावे! वाफ हवेच्या साडेतीनपट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या चुलीपाशी पेट घेऊन मागे येते. द्रव पाण्याहून सव्वापट जड. रॉकेल विहिरीत पडले तर वर तवंग दिसतो, हा मात्र तळाशी जाऊन बसतो आणि थोडाथोडा पाण्यात विरघळत राहतो. जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर आणि फॉस्जीन हा विषारी वायू निघतो. श्वासातून, कातडीतून, पोटातून तो शरीरात शिरतो आणि यकृत, मूत्रपिंड बिघडवतो. माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांतही त्याची गणना आहे.

हवेत या वाफेचे प्रमाण ६.२ ते १६ टक्के असले की स्फोट होऊ शकतो. हिशेब करून पाहा. २०० लिटरच्या पिंपात तेवढी वाफ भरायला अवघा ४० मिलिलिटर द्रव पुरतो, म्हणजे अर्धा कप चहाएवढाही नाही. तेवढा तर शिवणीत नि कडेला चिकटून राहतोच. अशा पिंपाला गॅस कटर लावणे म्हणजे बॉम्बला काडी लावणे होय.

क्लोरीनयुक्त ज्वालाग्राही द्रव काय करू शकतात, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटात बारा जणांचे प्राण गेले आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. चौकशीत प्रोपार्जिल क्लोराइड या द्रवाकडे बोट दाखवले गेले. तो याच जातीचा, पण जास्त तापट भाऊबंद.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यानेच शहाणे व्हावे. आम्हाला हे पटत नाही. लेबल खरवडलेले, वरून रंग मारलेले पिंप पाहून शेतकऱ्याने काय ओळखावे? घातक रसायनाने माखलेली रिकामी पिंपे २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतात. ती अधिकृत परवानगी असलेल्याकडेच जायला हवीत. जबाबदारी आधी पिंप बाहेर काढणाऱ्याची, मग विकणाऱ्याची आणि शेवटी घेणाऱ्याची. आपला कारखाना व सेवा सोसायट्या यांनीही रसायनाचे एकही पिंप लिलावात किंवा सभासदाला देऊ नये. तसा ठराव येत्या वार्षिक सभेत यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर आपल्या हाती आहे तेवढे करू. लाल चौकोनी खूण, ज्वालेचे किंवा कवटीचे चित्र, १९८४ पूर्वीचे नव्हे तर ‘यूएन ११८४’ असा आकडा दिसला तर पिंप घेऊ नका. काहीच खूण नसेल तरीही घेऊ नका. धुतलेले आहे म्हणून कापू नका, वेल्डिंग करू नका, पाणी नि धान्य भरू नका. द्रव सांडलाच तर विडी, चूल, विजेचे बटन यांपासून दूर राहा, माणसे-जनावरे वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या आणि वाळू टाका. साधे रबरी हातमोजे याला पुरत नाहीत. अंगावर उडाले तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. पोटात गेले तर उलटी करवू नका, डब्यावरील नाव घेऊन थेट दवाखाना गाठा.

पिंपात वाचलेले दोन पैसे दवाखान्यात नि पोलिस पंचनाम्यात जाऊ नयेत, एवढीच विनंती. ठरावाबाबत आपले मत गट कार्यालयात अवश्य कळवावे.