राणी मुंगीचे भांडवल

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की वाशीम, रिसोड, कारंजा या पट्ट्यातील काळ्या जमिनीच्या भेगा मिटतात आणि एखाद्या दमट संध्याकाळी दुकानाच्या दिव्याभोवती पंख असलेल्या कीटकांची गर्दी होते. त्यांत वाळवीचे पंखवाले किडे असतात तशाच मुंग्याही असतात. दोघांतील फरक सहज ओळखता येतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात व तिला कंबर अशी नसते. मुंगीची कंबर मात्र बारीक असते, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या दिसतात.

'मरायच्या वेळी मुंगीला पंख फुटतात' असे आपण ज्याच्या-त्याच्या उन्मत्तपणाला म्हणतो. नर मुंगीपुरती ही म्हण अक्षरशः खरी आहे, कारण मीलनानंतर तो थोड्याच काळात मरतो. राणीची गोष्ट निराळी आहे. तिचे पंख म्हणजे मृत्यूची नव्हे, तर एका मोठ्या प्रपंचाच्या आरंभाची खूण होय. त्या एका उड्डाणात नरांकडून मिळालेले बीज ती शरीरातील एका पिशवीत साठवून ठेवते आणि पुढे आयुष्यभर तेच पुरवून वापरते. जमिनीवर उतरताच ती स्वतःचे पंख गाळून टाकते, मातीत लहानशी कोठी खणते आणि आतून दार लिंपून घेते.

येथून पुढचा भाग व्यापारी घरांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या मोठ्या काळ्या मुंगळ्याची राणी त्या बंद कोठीत कित्येक आठवडे अन्नाचा कणही घेत नाही. आता निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू हळूहळू विरघळतात आणि त्या स्नायूंवर व साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांनाही जगवते. ना कर्ज, ना उधारी. जे गाठीशी आहे तेवढ्यावरच पेढी उभी करायची. म्हणूनच तिची पहिली संतती मुद्दाम लहान चणीची निपजते. थोड्या भांडवलात दोन धिप्पाड मदतनीस ठेवण्यापेक्षा आठ-दहा लहान हात ती पसंत करते. अंडे, अळी, कोष या अवस्था ओलांडून उन्हापावसाच्या मानाने दीड-दोन महिन्यांत पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येतात, दार उघडतात आणि बाहेरून अन्न आणू लागतात. त्या दिवसापासून राणीचे काम केवळ अंडी घालणे एवढेच उरते. ती कोणाला आज्ञा करीत नाही. कोणी कोठे जावे हे परस्परांच्या गंधावरून व वाटेत होणाऱ्या स्पर्शावरून ठरते. बहुतेक राण्यांना मात्र हा दिवस दिसत नाही. पक्षी, पाली, बुरशी आणि दुसऱ्या मुंग्या यांतून वाचणारी राणी विरळाच.

हा सगळा प्रपंच डोळ्यांसमोर घडताना पाहावा, या हौसेतून एका राणीपासून वारूळ वाढवण्याचा छंद जगभर रुजला आहे, आणि आपल्या घरांतील मुलेही आता त्याचा हट्ट धरू लागली आहेत. कृती अगदी साधी असते. काचेची परीक्षानळी अर्धी पाण्याने भरून मध्ये कापसाचा घट्ट बोळा बसवतात, उरलेल्या ओलसर भागात राणी सोडतात आणि तोंडाशी दुसरा बोळा लावून नळी अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागी ठेवतात. कठीण असतो तो संयम. वरचेवर उजेड दाखवला किंवा नळी हलवली तर बिथरलेली राणी आपलीच अंडी खाऊन टाकते.

या छंदाचा एक आद्य पुरुष पेढीवरचाच होता, हे वाचकांना गमतीचे वाटेल. सर जॉन लबक (१८३४–१९१३) हे लंडनमधील एका पिढीजात बँकेचे मालक व चार्ल्स डार्विनचे शेजारी होते. इंग्लंडमध्ये १८७१ साली बँकांना सार्वजनिक सुट्या देणारा कायदा त्यांच्याच पुढाकाराने झाला. बँकेचा कारभार सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी काचेच्या दोन तावदानांत माती भरून मुंग्यांची घरे वसवली, एकेका मुंगीवर रंगाचा ठिपका देऊन तिचा दिनक्रम टिपला आणि १८८२ साली मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या यांच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याजवळची एक राणी सुमारे १४ वर्षे जगली. आपल्या मुंबई इलाख्यातही त्या काळात वनखात्याचे अधिकारी आर. सी. रॉटन यांनी मुंग्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ साली 'आपल्या मुंग्या' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला.

लबक यांचा एक शोध आपल्या परंपरेच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांच्या चढत्या क्रमात मुंगी ही त्रीन्द्रिय जीवाचे उदाहरण म्हणून येते: स्पर्श, रस आणि घ्राण. आजचे निरीक्षण सांगते की बहुतेक मुंग्यांना डोळेही असतात. माणसाला मुळीच न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण पडले की मुंग्या आपले कोष उचलून सावलीत नेतात, हे लबक यांनीच दाखवून दिले. तरीही मुंगीचे जग मुख्यतः घ्राणाचे आहे याविषयी दुमत नाही. वाट, घर, आप्त, परका, धोका हे सारे ती गंधाने ओळखते. हजारो वर्षांपूर्वी इवल्याशा जीवाला काय जाणवत असेल असा प्रश्न कोणाला पडावा, हीच मोठी गोष्ट आहे. ज्याला जाणवते त्याला वेदनाही असू शकते, हा जीवदयेचा पाया तेथेच घातला गेला.

आता मुलाच्या हट्टाला उत्तर द्यायचे आहे. 'किड्यांशी कसले खेळतोस' असे म्हणून तो मोडून काढणे सोपे, पण त्याने जिज्ञासाही मोडते. मागणी पुरवावी, तर दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अन्नाची. कामकरी मुंग्यांना साखरेच्या पाण्याने शक्ती मिळते, पण अळ्यांची वाढ प्रथिनांशिवाय होत नाही. म्हणून हा छंद जोपासणारे मधाबरोबर मारलेले कीटकही नळीत टाकतात. मध आपल्या घरांत वर्ज्य, आणि एका जीवाच्या कौतुकासाठी रोज दुसरा जीव मारणे तर अशक्यच. केवळ साखरेवर भागवले तर वाढ खुंटते, अंडी थांबतात आणि वारूळ आतून उपाशी मरते. म्हणजे हिंसा टळत नाही, फक्त दिसेनाशी होते.

दुसरी अडचण परिग्रहाची. छंदातून मागणी निर्माण होते व मागणीतून बाजार, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. २०२५ साली केनियात दोन बेल्जियन तरुणांजवळ सुमारे ५००० राणी मुंग्या परीक्षानळ्यांत भरलेल्या सापडल्या. न्यायालयाने त्यांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंगांचा दंड किंवा १२ महिन्यांचा तुरुंगवास सुनावला. राणी उचलणे म्हणजे एक मुंगी उचलणे नव्हे. जे वारूळ वर्षानुवर्षे नांदले असते, तेच मुळातून उचलले जाते. वारूळ नाहीसे झाले की जमीन भुसभुशीत करणारे, बी वाहून नेणारे आणि मेलेले कीटक उचलून नेणारे हातही जातात.

यावर एक मधला मार्ग आहे. राणीला काचेत आणण्याऐवजी मुलाला राणीपाशी न्यावे. पावसानंतरच्या सकाळी अंगणात वा शेताच्या बांधावर पंख गाळलेली एखादी मुंगी जागा शोधत फिरताना दिसली, तर तिला हात न लावता ती कोठे खणते ते पाहावे आणि जवळ एक खडा ठेवून जागेची खूण करावी. दुकानात चोपडी असते तशी मुलाने एक वही घालावी: तारीख, पाऊस किती, दार केव्हा उघडले, पहिल्या मुंग्या किती लहान होत्या, काय वाहून नेले, पाऊस येण्याआधी काय केले. स्टेशनरीच्या दुकानातील साधे भिंग याला पुरते. पाच राण्यांपैकी चार नाहीशा होतील, तेही वहीत लिहावे. अपयशाची नोंद ठेवण्याची सवय पुढे पेढीवरही कामाला येते. कोणी आधीच राणी नळीत आणली असेल, तर ती जेथून आणली तेथेच संध्याकाळी सावलीच्या ओल्या मातीवर नळी आडवी ठेवून बोळा काढून घ्यावा. बाकीचे तिचे ती पाहते.

हीच यतना दुकानातही हवी. गूळ, साखर, सोयाबीन यांच्या पोत्यांपाशी मुंग्यांची रांग लागली की विषारी खडू ओढण्याची घाई होते. त्याऐवजी रांग कोठून येते ते पाहावे, सांडलेले कण मऊ कुंच्याने गोळा करून रांगेच्या उगमाशी नेऊन टाकावेत आणि मुंग्या ओसरल्यावर साबणाच्या ओल्या फडक्याने वाट पुसावी. गंध पुसला की वाट पुसली जाते. मग भिंतीतील फट बुजवावी. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात, तो याच सूक्ष्म जीवांच्या वर्दळीमुळे. गृहस्थाला दुकान थांबवता येत नाही, पण पाऊल आणि झाडू जपून टाकता येतो.

राणी मुंगीला पाळावे लागत नाही. गाठीच्या भांडवलावर संसार उभा करण्याची विद्या तिला अवगत आहे. तिला आपल्याकडून हवी ती फक्त पायाखालची हातभर जागा. ती सोडण्याची बुद्धी मुलाला लहानपणीच झाली, तर त्या वहीचे चीज झाले म्हणायचे.