मेलेल्याच्या अंगावरचा कोट

आमच्या शहापूर-मुरबाडकडे माणूस मेला, की त्याच्या अंगावर कोट चढतो. ज्याने स्वतःच्या लग्नातसुद्धा साध्या सदऱ्यावर भागविले, तो दहाव्याच्या फलकावर निळा सूट अन् लाल टाय घालून, पाठीशी बर्फाचे डोंगर घेऊन ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या खाली बसलेला दिसतो. मान तेवढी अंमळ वाकडी. कारण डोके दुसऱ्याच फोटोतून कापून आणलेले!

ही किमया संगणकाची. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. आकृतीच्या कडेने टिंबे देत जायचे, कड थोडी मऊ करायची, की मनुष्य आपल्या जागेवरून अलगद सुटतो. हल्ली तर बोट दाबून धरले की फोनही हे काम करतो. कारागिराशी माझे भांडण नाही. पूर्वीचे फोटोवालेही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे वण बुजवीत. माझे भांडण आहे ते कापून उरते त्याबद्दल.

ते काय असते? म्हातारा इरले टेकवून उभा, कमरेच्या आकडीत कोयता, मागे कारवीचा कूड, आणि शेजारी पदर सावरीत त्याची बायको. मुलगा स्टुडिओत सांगतो, “बाबांचा तेवढा चेहरा घ्या, बाकीचं उडवा.” अरे, बाकीचं म्हणजे तुझी आई! पाड्यावरच्या त्या बाईचा तो एकुलता एक फोटो. उद्या तिच्या दहाव्याला काय लावणार?

कोणी म्हणेल, बाप नीटनेटका दिसावा ही पोरांची माया. माया खरी; पण इरल्याची लाज कसली? त्याच इरल्याखाली वाकून त्याने भात लावले, म्हणून तुम्ही आमच्या शाळेच्या बाकावर बसलात. आणि डोंगरच हवे असतील, तर माहुलीचे सुळके काय वाईट आहेत?

रशियात हाच उद्योग सरकारी हुकमाने चाले. कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारी उभ्या असलेल्या येझोव्हला १९४० साली गोळी घातली, आणि फोटोत त्याच्या जागी नुसते पाणी आले. आमच्याकडे हुकूम लागत नाही. घरच्यांना न विचारता लग्न केलेल्या लेकीच्या जागी फुलदाणी आलेली मी पाहिली आहे. रशियातली लबाडी जगाला कळली, ती मूळ फोटो शिल्लक राहिला म्हणून. आमचा मूळ फोटो स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतो. घरी सोनेरी चौकटीतला कोटवाला आला, मग तो परत मागायला जातो कोण?

कापायचे तर खुशाल कापा. पण मूळ फोटो त्याच दिवशी परत घ्या, आणि त्याच्या पाठीवर सगळ्यांची नावे, गाव व साल लिहा. आईचे नाव आधी. लिहिताना मऊ पेन्सिल घ्या. शाई पुढच्या बाजूला उतरते.